इंग्रजी शब्दसंग्रहासाठी कोश कसे वापरावेत: पहिल्या वर्षाचा आराखडा

बारावीनंतर दोन वर्षं मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात कारकून होतो. सौदे, पट्ट्या, वजनं हे सगळं मराठीत चालायचं. केरळ आणि तमिळनाडूच्या व्यापाऱ्यांना पत्रं मात्र इंग्रजीत जायची, आणि ती लिहायचं काम माझ्याकडे आलं. एकदा एका जुन्या गिऱ्हाइकाकडे थोडी आगाऊ रक्कम मागायची होती. मालक म्हणाले, "नीट, नम्रपणे मागणी कर." माझ्या छोट्या इंग्रजी-मराठी डिक्शनरीत 'डिमांड' या शब्दापुढे 'मागणी' असं छापलेलं मला पाठ होतं. मी लिहिलं, 'वुई डिमांड फॉर युवर अ‍ॅडव्हान्स'. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. इतक्या वर्षांत आम्ही कधी तुमचे पैसे थकवलेत का, मग ही भाषा कशासाठी, असं ते विचारत होते. त्यांची समजूत काढताना मालकांचा अर्धा तास गेला आणि मी शेजारी मान खाली घालून उभा होतो.

डिक्शनरीतला अर्थ खोटा नव्हता. बाजारात हळदीला मागणी आहे, असं म्हणायचं तर 'डिमांड' अगदी योग्य शब्द आहे. पण तोच शब्द क्रियापद म्हणून वापरला, की त्याचा अर्थ ठणकावून, हक्कानं मागणं असा होतो. शिवाय नामापुढे 'फॉर' चालतं, क्रियापदापुढे चालत नाही. या दोन्ही गोष्टी चांगल्या कोशात छापलेल्या असतात. मी तोवर कुठलीही नोंद पहिल्या मराठी शब्दाच्या पुढे वाचलीच नव्हती.

आता मी संध्याकाळी विश्रामबागेतल्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांना इंग्रजीसाठी मदत करतो. बहुतेक जण तासगाव, पलूस, जत, कवठेमहांकाळकडची, मराठी माध्यमातून आलेली. नवा मुलगा आला, की पहिला प्रश्न ठरलेला: "सर, रोज किती शब्द पाठ करू?" मी सांगतो, आधी एक नोंद शेवटपर्यंत वाचायला शीक, आकडा नंतर ठरवू. ते वाचायचं कसं, कोणत्या पुस्तकापासून सुरुवात करायची आणि कोणतं पुस्तक वर्षभर लांब ठेवायचं, हे इथं क्रमानं लिहितो.

आधी एकच कोश घ्या

दुकानात गेलात, की कोशांचे गठ्ठे समोर येतात. त्यात मुख्य तीन प्रकार. एक इंग्रजी-मराठी. दुसरा इंग्रजी-इंग्रजी, पण ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे त्यांच्यासाठी केलेला. तिसरा इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला, ज्याच्या मुखपृष्ठावर 'लर्नर्स डिक्शनरी' असं लिहिलेलं असतं. तुम्हाला हा तिसरा हवा.

या तिसऱ्या प्रकाराची गोष्ट मुलांना मी नेहमी सांगतो. ए. एस. हॉर्नबी नावाचे इंग्रज शिक्षक जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. शब्दाचा अर्थ कळूनही विद्यार्थ्यांचं वाक्य चुकतं, कारण तो शब्द वाक्यात कसा बसतो हे साधे कोश सांगत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी सहकाऱ्यांसह नेमकं तेच सांगणारा कोश तयार केला. तो १९४२ साली टोकियोत छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डनं काढला. आजची 'ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी' म्हणजे त्याच कोशाची पुढची पिढी. परक्या भाषेतून इंग्रजीत येणाऱ्या माणसाची अडचण समोर ठेवूनच हे पुस्तक जन्मलं, त्यामुळे ते आपल्यासाठीच आहे असं समजून निर्धास्त वापरा. १९७८ साली आलेली 'लाँगमन डिक्शनरी ऑफ कंटेम्पररी इंग्लिश' हीही तितकीच भरवशाची. तिच्यातले अर्थ सुमारे २००० सोप्या शब्दांतच लिहिलेले असतात, म्हणजे एक अवघड शब्द समजून घ्यायला दुसरा त्याहून अवघड शब्द शोधावा लागत नाही.

दहावीपर्यंत इंग्रजीची भीतीच वाटत होती, असं असेल तर 'अ‍ॅडव्हान्स्ड'चा आग्रह धरू नका. याच प्रकाशकांचे 'इंटरमीजिएट' पातळीचे लहान कोश मिळतात. सहा महिने त्यावर काढा. जाड कोश टेबलावर शोभतो खरा, पण रोज उघडला जात नाही.

आवृत्ती जुनी असली तरी चालते. जुन्या पुस्तकांच्या दुकानात दहा वर्षांपूर्वीची प्रत मिळाली तरी घ्या, रोजच्या वापरातले शब्द तेवढ्यात बदलत नाहीत. रस्त्यावर स्वस्तात मिळणाऱ्या नकली प्रती मात्र टाळा. तिथल्या छपाईत उच्चाराच्या बारीक खुणा पुसट होतात, आणि त्या खुणांसाठीच तर आपण पैसे मोजतो. घेण्याआधी मधलं कुठलंही पान उघडा आणि शब्दाशेजारच्या तिरप्या रेघांमधल्या खुणा स्पष्ट दिसतात का ते पाहा.

विकत घेणं जमत नसेल तर गावच्या नगर वाचनालयात किंवा कॉलेजच्या ग्रंथालयात जा. कोश संदर्भ विभागात असतात आणि घरी नेता येत नाहीत. पण तासभर तिथंच बसायला कुणी मनाई करत नाही. ग्रंथालयात दशांश वर्गीकरण असेल तर इंग्रजीचे कोश ४२३ या क्रमांकाखाली सापडतील. हा आकडा लक्षात ठेवला, की प्रत्येक वेळी ग्रंथपालांना उठवावं लागत नाही.

पहिला आठवडा: एकही शब्द पाठ करायचा नाही

या आठवड्यात फक्त कोश चालवायला शिकायचं. सुरुवातीची पानं बहुतेक जण उलटून पुढे जातात. तीच आधी वाचा. तिथं संक्षेपांचा तक्ता असतो. 'एस-बी' म्हणजे 'समबडी', कुणीतरी माणूस. 'एस-टी-एच' म्हणजे 'समथिंग', एखादी वस्तू किंवा गोष्ट. चौकटी कंसातला 'सी' म्हणजे मोजता येणारं नाम, 'यू' म्हणजे मोजता न येणारं. हा 'यू' तुम्हाला पुष्कळ चुकांपासून वाचवेल. 'इन्फर्मेशन', 'अ‍ॅडव्हाइस', 'फर्निचर', 'इक्विपमेंट' या सगळ्यांपुढे 'यू' आहे, म्हणजे त्यांना शेवटी 'एस' लागत नाही. मराठीत आपण 'सल्ले दिले' म्हणतो, त्यामुळे हात आपोआप 'अ‍ॅडव्हायसेस' लिहायला जातो.

मग उच्चार. आपल्या कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ साली सुरू झाला आणि त्याला तेव्हाच्या व्हाइसरॉयचं, लॉर्ड आयर्विन यांचं नाव मिळालं. त्या नावाचं स्पेलिंग आय-आर-डब्ल्यू-आय-एन असं आहे आणि इंग्रज लोक त्याचा उच्चार 'अर्विन' असा करतात. आपल्या माणसांनी स्पेलिंगमधला 'आय' पाहिला आणि 'आयर्विन' म्हणून टाकलं. पुलाचं नाव आता आयर्विनच, ते आपलं झालं. पण 'शर्ट', 'गर्ल', 'फर्स्ट', 'बर्ड' या शब्दांतही तेच 'आय-आर' आहे आणि त्यांना आपण 'शायर्ट' किंवा 'गायर्ल' म्हणत नाही, कारण ते कानानं शिकलो. जो शब्द कानावर न येता थेट कागदावर भेटतो, तिथं स्पेलिंग फसवतं. म्हणून नवा शब्द आला, की अर्थाआधी उच्चार बघायचा.

उच्चाराच्या खुणांत दोन गोष्टी आधी शिका. बाकीच्या सावकाश येतील. उलटा छापलेला 'ई' म्हणजे दुबळा, ओझरता 'अ'. इंग्रजीत सगळ्यात जास्त ऐकू येणारा स्वर हाच. 'अबाउट'चा पहिला आणि 'टीचर'चा शेवटचा स्वर तोच आहे. दुसरी खूण म्हणजे वरच्या बाजूला असणारी छोटी उभी रेघ. तिच्या लगेच नंतर येणाऱ्या शब्दाच्या तुकड्यावर जोर द्यायचा. मराठी बोलताना जोर कुठं पडतो याची आपण फिकीर करत नाही, पण इंग्रजीत जोर हलला तर ऐकणारा गोंधळतो. 'फोटोग्राफ' म्हणताना जोर 'फो'वर, 'फोटोग्राफर'मध्ये 'टॉ'वर, आणि 'फोटोग्राफिक'मध्ये 'ग्रॅ'वर. हे तीन शब्द मोठ्यानं दहा वेळा म्हणा. जोर कसा सरकतो ते स्वतःच्या कानानं कळेल.

एक नोंद शेवटपर्यंत

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागातल्या आमच्या तळमजल्यात छातीएवढं पाणी होतं. माझा जुना कोश फुगून दुप्पट झाला. पाणी ओसरल्यावर मी गच्चीवर एकेक पान उलटत तो वाळवला. आजही त्याची काही पानं एकमेकांना चिकटलेली आहेत. त्या दिवसांत सांगलीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न होता: कोयनेतून विसर्ग किती? इंग्रजी बातम्यांत या विसर्गाला 'डिस्चार्ज' म्हणत होते, आणि तो क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट, असा मोजत होते. हा शब्द आपल्या अंगावरून गेलेला आहे, म्हणून नोंद कशी वाचायची हे त्याच्यावरच दाखवतो.

'डिस्चार्ज' काढा. पहिल्यांदा लक्षात येईल, की एकाच स्पेलिंगच्या दोन नोंदी आहेत, एक क्रियापदाची आणि एक नामाची. उच्चाराची उभी रेघ बघा. क्रियापदात जोर 'चार्ज'वर आहे, नामात 'डिस'वर. मग अर्थ वाचायला घ्या. दवाखान्यातून पेशंटला घरी सोडणं. सैन्यातून किंवा कोठडीतून मोकळं करणं. धरणातून किंवा कारखान्यातून पाणी, वायू बाहेर सोडणं. जखमेतून पू वाहणं. बॅटरी उतरणं. आणि 'डिस्चार्ज युवर ड्यूटीज', म्हणजे कर्तव्य पार पाडणं. इथं नवखा माणूस कोश मिटतो, कारण एका शब्दाला सहा अर्थ पाठ कोण करणार?

मिटू नका. हा शब्द आला कुठून तेवढं बघा. मोठ्या कोशांत व्युत्पत्ती दिलेली असते. 'चार्ज'च्या मुळाशी लॅटिनमधला गाडी या अर्थाचा शब्द आहे. त्यावरून गाडीत माल भरणं हा अर्थ आला. 'कार' आणि 'कार्गो' याच घरातले. 'चार्ज' म्हणजे भरणं, लादणं, आणि 'डिस्चार्ज' म्हणजे उतरवणं, रिकामं करणं. कारखान्याच्या गव्हाणीपाशी उसाची गाडी रिकामी होताना तुम्ही पाहिली असेल, ते चित्र डोळ्यांसमोर आणा. धरण पाण्याचा भार उतरवतं, दवाखाना पेशंट मोकळा करतो, बॅटरी भरलेली वीज सोडते, माणूस अंगावरची जबाबदारी पार पाडून मोकळा होतो. एकच चित्र सगळीकडे आहे. मोबाइल 'चार्ज' करणं म्हणजे भरणं, हेही त्यातच आलं. असं चित्र सापडलं, की पाठांतराचं काम उरत नाही.

आता अर्थाखालची तिरप्या अक्षरांतली उदाहरणं वाचा. खरा ऐवज तिथं आहे. पेशंट 'डिस्चार्ज्ड फ्रॉम हॉस्पिटल' होतो, म्हणजे 'फ्रॉम' लागतं. सांडपाणी 'इन्टू द रिव्हर' सोडलं जातं, म्हणजे 'इन्टू' लागतं. कर्तव्याच्या अर्थाशेजारी 'फॉर्मल' असा शेरा असतो, म्हणजे तो अर्जात, अहवालात वापरायचा, मित्राशी बोलताना नाही. हे शेरे कधी वगळू नका. 'इन्फॉर्मल', 'ओल्ड-फॅशन्ड', 'डिसअ‍ॅप्रूव्हिंग', असे बरेच असतात. शेवटचा म्हणजे या शब्दात नापसंती आहे, माणसाच्या तोंडावर तो वापरू नका.

एवढं वाचायला पंधरा मिनिटं लागतात. दिवसाला असे पाच शब्द, त्यातला एक असा खोल, बाकीचे चार जरा भरभर. पाच हा आकडा लहान वाटतो, पण वर्षातले तीनशे दिवस जरी पाळला तरी १५०० शब्द होतात, आणि हे १५०० शब्द तुम्हाला वाक्यात वापरता येतील.

'करणं' आणि 'लागणं' यांची गाठ

मराठी माणसाचं इंग्रजी सगळ्यात जास्त अडतं ते इथं, म्हणून जरा थांबून वाचा.

आपली भाषा 'करणं' या एका क्रियापदावर केवढा संसार चालवते बघा. चूक करणं, अभ्यास करणं, गुन्हा करणं, सर्वेक्षण करणं, फोन करणं, प्रयत्न करणं. इंग्रजीत यातल्या प्रत्येक नामाचा जोडीदार वेगळा. चूक 'मेक' करतात, गृहपाठ 'डू' करतात, गुन्हा 'कमिट' करतात, सर्वेक्षण 'कंडक्ट' करतात, फोन 'मेक' करतात, प्रयत्नही 'मेक अ‍ॅन एफर्ट'. 'डू अ मिस्टेक' म्हटलं तर समोरच्याला कळतं, पण कानाला खडा लागतो, आणि परीक्षेत गुण जातो.

'लागणं'चं तर विचारूच नका. भूक लागली, वेळ लागला, नोकरी लागली, आग लागली. इंग्रजीत भूक लागलेला माणूस 'हंग्री' असतो, तिथं क्रियापदच नाही, विशेषण आहे. वेळ लागतो तिथं 'इट टेक्स टाइम'. नोकरी 'गेट' करायची. आणि आग लागली तर घर 'कॅचेस फायर'. 'लागणं' याला इंग्रजीत काय म्हणतात, या प्रश्नाला उत्तर नाही. 'भूक लागणं'ला काय म्हणतात, याला आहे.

शब्दांच्या या ठरलेल्या जोड्यांना इंग्रजीत 'कोलोकेशन' म्हणतात. त्यांचा वेगळा कोश असतो, 'ऑक्सफर्ड कोलोकेशन्स डिक्शनरी', पहिल्यांदा २००२ मध्ये आलेला. त्यात अर्थ जवळजवळ नसतातच. नाम काढलं, की त्याआधी कोणती क्रियापदं आणि विशेषणं येतात याची यादी मिळते. पहिला कोश सहा महिने वापरून झाला, की दुसरं पुस्तक म्हणून मी हेच घ्यायला सांगतो. निबंध, पत्र किंवा मुलाखतीची तयारी करणाऱ्याला याच्याइतकं कामाचं पुस्तक दुसरं नाही. मराठीतही अशा जोड्या आहेतच. आपण शपथ 'घेतो', पैज 'लावतो', उपास 'धरतो' आणि 'सोडतो'. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला हे पाठ कसं होणार असा विचार केलात, की आपली अडचणही तीच आहे हे उमगेल.

वही

दोनशे पानी, शिवलेली वही घ्या. सुट्या कागदांवर लिहिलेलं हरवतं. डाव्या पानावर शब्द, उच्चाराची खूण, आणि कोशातलं एक उदाहरण जसंच्या तसं उतरवा. उजव्या पानावर त्याच शब्दाचं स्वतःचं वाक्य लिहा, आणि ते स्वतःच्या गावाबद्दल, घराबद्दल असू द्या. मराठी अर्थ हवा असेल तर शेवटी, पेन्सिलीनं. शब्द ओळखीचा झाला, की तो खोडून टाका.

उजळणी तीनदा: दुसऱ्या दिवशी, आठवड्यानं, महिन्यानं. उजळणी करताना उजवं पान झाकून नवं वाक्य करायचं. जो शब्द तिन्ही वेळा वाक्यात आला, त्याच्यापुढे बरोबरची खूण करून पुढे चला.

शब्द आणायचे कुठून

'ए'पासून सुरू करून डिक्शनरी पाठ करणारी मुलं मी पाहिली आहेत. 'सी'पर्यंत कुणी पोहोचत नाही. शब्द वाचनातून आले पाहिजेत: इंग्रजी वर्तमानपत्रातली एक बातमी, बँकेचा फॉर्म, औषधाच्या खोक्यावरची सूचना. एका परिच्छेदात दहा शब्द अडले तरी दहाही काढू नका. ज्याच्याशिवाय वाक्य कळत नाही असे दोनच निवडा. शिकणाऱ्यांच्या कोशांत जास्त वापराच्या शब्दांवर खूण असते, ऑक्सफर्डमध्ये ३००० शब्दांची अशी निवड केलेली आहे. खुणेचा शब्द असेल तर तो आधी.

आणि एक यादी सांगतो, जी कुणी करत नाही, पण पहिल्याच महिन्यात करायला हवी: तुम्हाला येतात असं वाटणाऱ्या शब्दांची. आपण चहाला 'हॉटेल'मध्ये जातो. कोशात बघा, हॉटेल म्हणजे राहण्याची जागा. शाळेच्या वार्षिक कार्यक्रमाला आपण 'गॅदरिंग' म्हणतो, इंग्रजीत ते कसलंही जमणं. आपल्याकडे 'लाइट' जाते तेव्हा इंग्रजीत 'पॉवर' जाते. विजेचा झटका बसला की आपण 'करंट' बसला म्हणतो, इंग्रजीत तो 'शॉक'. हे शब्द मराठीनं घेऊन आपल्या सोयीनं वापरले, त्यात मराठीची काही चूक नाही, मराठी बोलताना तसंच बोला. फक्त इंग्रजी लिहिताना ते पुन्हा एकदा कोशातून पाहून घ्या. देवाणघेवाण उलटीही झाली आहे. इंग्रजीतला 'मंगूज' हा आपला मुंगूस. त्याचं अनेकवचन मात्र 'मंगूजेस' होतं, 'गूज'चं 'गीस' होतं म्हणून 'मंगीस' करू नका. तेही कोशात छापलेलं असतं.

मुळं

शब्दांची मुळं शिकणं आनंदाचं काम आहे, पण ते तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. 'पोर्ट' म्हणजे वाहून नेणं, म्हणून 'पोर्टर', 'इम्पोर्ट', 'एक्सपोर्ट', 'ट्रान्सपोर्ट'. 'स्पेक्ट' म्हणजे पाहणं, म्हणून 'इन्स्पेक्टर', 'स्पेक्टॅकल्स'. इथं मराठी मुलांना एक वाडवडिलार्जित फायदा आहे. संस्कृत आणि लॅटिन एकाच भाषाकुळातल्या असल्यानं दंत आणि 'डेंटिस्ट', नाम आणि 'नेम', पाद आणि 'पेडल' यांचं नातं लगेच दिसतं. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर यांत तर सप्त, अष्ट, नव, दश जसेच्या तसे बसलेत. रोमन लोकांचं जुनं वर्ष मार्चमध्ये सुरू व्हायचं, म्हणून सप्टेंबर सातवा.

मात्र नुसत्या मुळांवरून अर्थाचा अंदाज बांधून वाक्य लिहू नका. अंदाज वाचताना चालतो, लिहिताना कोश उघडायचा.

मराठीचा हात धरून

इंग्रजी-मराठी कोश टाकून द्यायचा नाही, त्याचं काम वेगळं आहे. झाड, पक्षी, अवजार, आजार, कायद्यातली संज्ञा यांसाठी तोच बरा. पिंपळाला इंग्रजीत समजावून सांगणारी चार ओळींची व्याख्या वाचण्यापेक्षा 'पिंपळ' हा एक शब्द पुरतो. सरकारी परिभाषेसाठी राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश वापरा, ते इंटरनेटवरही आहेत. 'ऑर्डिनन्स' म्हणजे अध्यादेश आणि 'नोटिफिकेशन' म्हणजे अधिसूचना, हे तिथून नेमकं कळतं.

मराठीतून इंग्रजीकडे जायचं असेल तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे. १८३१ साली पहिल्यांदा निघाला, १८५७ मध्ये वाढवून दुसरी आवृत्ती आली. गावाकडचे, शेतातले, आजीच्या तोंडचे शब्द त्यात सापडतात. शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल कोशसंग्रहात तो मोफत बघता येतो. त्यातलं इंग्रजी दीडशे वर्षांपूर्वीचं आहे, त्यामुळे तिथं मिळालेला इंग्रजी शब्द आजच्या कोशात पडताळूनच वापरा.

शेजारच्या सातारा जिल्ह्यात वाईला तर मराठी विश्वकोशाचं घरच आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी तिथं उभं केलेलं हे काम शब्दसंग्रहासाठीही वापरता येतं, हे फार कमी जणांना सुचतं. वनस्पतीच्या नोंदीत सुरुवातीलाच इतर भाषांतली नावं दिलेली असतात, त्यात इंग्रजी आणि लॅटिनही. विषय आधी मराठीत पक्का समजतो आणि त्याच्या इंग्रजी संज्ञा हाती येतात. मग त्याच विषयावरचा इंग्रजी लेख घेऊन बसलात, की निम्मं ओझं उतरलेलं असतं.

समानार्थी शब्दांचा कोश

याला 'थिसॉरस' म्हणतात. पीटर मार्क रॉजे नावाच्या डॉक्टरांनी आयुष्यभर जमवलेला पहिला प्रसिद्ध थिसॉरस १८५२ मध्ये निघाला, तेव्हा ते ७३ वर्षांचे होते. ग्रंथ थोर आहे. पण पहिलं वर्ष तो उघडू नका. तो शब्द एकापुढे एक मांडतो, फरक सांगत नाही. मराठीत सडपातळ, बारीक, किडकिडीत, लुकडा हे एकाच ओळीत लिहिता येतील, म्हणून कुणी मुलगी बघायला गेल्यावर 'मुलगी लुकडी आहे' म्हणत नाही. इंग्रजीत 'स्लिम'च्या जागी 'स्किनी' लिहिलंत तर तेच होतं. पुढे कधी वापरलात, तर तिथून उचललेला प्रत्येक शब्द शिकणाऱ्यांच्या कोशात बघून मगच कागदावर उतरवा.

फोनवरचा कोश

ऑक्सफर्ड आणि लाँगमन या दोघांचेही शिकणाऱ्यांचे कोश इंटरनेटवर मोफत आहेत. उच्चार ऐकण्यासाठी ते जरूर वापरा, छापील खुणेपेक्षा कानानं ऐकलेलं लवकर बसतं. एसटीत, रांगेत उभं असताना फोनच सोयीचा. पण रोजचा तो एक खोल शब्द मात्र कागदावर वाचा. फोनवर अर्थ मिळाला की बोट पुढे सरकतं. कागदावर नजर खाली उतरते आणि शेजारच्या नोंदीही दिसतात.

तीन महिन्यांनी

आपण पूर्वी लिहिलेलं काहीतरी शोधून काढा. जुना अर्ज, एखादं पत्र, कॉलेजातला निबंध. त्यातलं प्रत्येक क्रियापद अधोरेखित करा आणि एकेक कोशातून काढा. त्याच्यापुढे काय यायला हवं होतं, त्या नामाशी ते जुळतं का, शेरा काय आहे. चुका सापडल्या, की वहीच्या डाव्या पानावर त्या शब्दांची नव्यानं नोंद करा.

मी हे अडत दुकानातल्या त्या पत्रावर केलं होतं, त्याची कार्बन प्रत मी जपून ठेवली होती. 'डिमांड' काढला. क्रियापद, अर्थ 'अगदी ठामपणे मागणं', पुढे सरळ कर्म, 'फॉर' नाही. मग 'रिक्वेस्ट', मग 'ग्रेटफुल'. 'ग्रेटफुल'च्या उदाहरणांत मला हवी तीच वाक्याची ठेवण सापडली, आणि मी वहीत लिहिलं: 'वुई वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड सेंड अस अ‍ॅन अ‍ॅडव्हान्स'. आगाऊ रक्कम या अर्थी 'अ‍ॅडव्हान्स'पुढे 'सी' आहे, म्हणून आधी 'अ‍ॅन' हवं, हे त्याच पानावर कळलं.